१९४६ साली मत कोणी दिलं?

एक वाक्य मी गेली वीस-बावीस वर्षं वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले आहे. प्रशिक्षण वर्गात ऐकलं, एसटीत ऐकलं, लग्नाच्या जेवणावळीत ऐकलं आणि अलीकडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाचते. "सेहेचाळीस साली तुमच्या लोकांनी पाकिस्तानला मत दिलं आणि मग राहिले मात्र इथंच." दर वेळी ते रागानं म्हटलं जातं असंही नाही. कधी कधी अगदी सहज, माहिती सांगावी तसं. समोरची बाई मराठी शिकवते, बीएड झालेली आहे, तिला इतिहास ठाऊक असणारच, असं गृहीत धरून.

इतिहास ठाऊक आहे म्हणूनच हा लेख.

आधी घरचा हिशेब सांगते. माझे दादा परभणीचे. फळं विकायचे. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि १९४६ ची ती निवडणूक झाली ब्रिटिश प्रांतांत. म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पट्ट्यातल्या एकाही मुसलमानाचा त्या मतदानाशी संबंध आला नाही. कोल्हापूर, सांगली, मिरज, जंजिरा ही संस्थानंही त्यातून बाहेरच. माझे नाना मालेगावचे, मोमीन, विणकर. मालेगाव ब्रिटिश मुंबई प्रांतात. पण मत मिळायला जमीन लागायची, किंवा कर भरलेला लागायचा, ठरावीक भाड्याचं घर, ठरावीक शिक्षण, नाहीतर फौजेतली नोकरी. नाना दुसऱ्याच्या मागावर बसायचे आणि दुसऱ्याच्या घरात राहायचे. त्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. म्हणजे माझ्या दोन्ही आजोबांनी पाकिस्तानला मत दिलं नाही, भारतालाही दिलं नाही. त्यांना मतच नव्हतं.

हे माझ्या घरापुरतं नाही. १९३५ च्या कायद्याखाली १९४६ मध्ये प्रांतिक निवडणुकांचे मतदार सुमारे ४ कोटी होते. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या चार प्रौढ माणसांमागे साधारण एक. बायकांचं प्रमाण त्याहून फारच कमी, कारण त्यांना बहुतेक वेळा नवऱ्याच्या मिळकतीवर मत मिळायचं. मध्यवर्ती कायदेमंडळाची निवडणूक तर त्याहूनही आखूड यादीवर झाली. हिंदू मतदारालाही हीच चाळणी होती हे खरं, पण त्या निवडणुकीचा दाखला आज हिंदू शेतमजुराच्या नातवाला कोणी देत नाही.

आता दुसरी बाजू. ज्यांना मत होतं त्यांनी लीगलाच भरभरून मतं दिली, हे लपवण्यात अर्थ नाही. मध्यवर्ती कायदेमंडळातल्या मुसलमानांसाठीच्या सगळ्या ३० जागा लीगनं जिंकल्या. प्रांतांतल्या मुस्लीम जागांपैकी साधारण ८७ टक्के जिंकल्या. मुंबई प्रांतातल्या तर तीसपैकी तीस. जमियत-उल-उलेमाचे मौलाना हुसेन अहमद मदनी फाळणीच्या विरोधात गावोगाव फिरत होते, मोमीन कॉन्फरन्सचे विणकर विरोधात होते, तरीही हे झालं. मतदार असलेला मुसलमान तेव्हा लीगकडे गेला. पण 'मुसलमान लीगकडे गेला' आणि 'मतदार असलेला मुसलमान लीगकडे गेला' या दोन वाक्यांमध्ये कोट्यवधी माणसं आहेत.

मग प्रश्न असा, की ज्या समाजातल्या बहुतेकांना मतच नाही, त्या समाजाच्या 'मताचा' चाळीस वर्षं एवढा मोठा सौदा कसा चालला?

सुरुवात साधारण १९०६ पासून धरावी लागते. त्या वर्षी १ ऑक्टोबरला आगाखानांच्या नेतृत्वाखाली सुमारे पस्तीस प्रतिष्ठित मुसलमानांचं शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉय मिंटोंना भेटलं. नवाब, जमीनदार, वकील. त्यांची भीती निव्वळ खोटी नव्हती. मिळकतीवर आणि शिक्षणावर मत ठरणार असेल तर संयुक्त यादीत मुसलमान उमेदवार क्वचितच निवडून येणार, हे त्यांनी नगरपालिकांमध्ये पाहिलं होतं. त्यांनी स्वतंत्र प्रतिनिधी मागितले, आणि तेही केवळ संख्येवर नाही तर समाजाच्या 'राजकीय महत्त्वा'वर. पण ती चाळणीच काढून टाका, विणकराला, खाटकाला, बागवानाला मत द्या, असं त्या निवेदनात नव्हतं. ते त्या काळात कुणाच्याच निवेदनात नव्हतं, काँग्रेसच्याही नाही. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी विभक्त मतदारसंघ आले. गंमत अशी की त्यांच्या विरोधात बोलणारा एक तरुण बॅरिस्टर याच नव्या मुस्लीम जागेवरून मुंबईतून मध्यवर्ती कौन्सिलात गेला आणि १९१० च्या अलाहाबाद काँग्रेसमध्ये विभक्त मतदारसंघ नगरपालिकांपर्यंत वाढवू नयेत असा ठराव त्यानं मांडला. त्याचं नाव महंमद अली जिना.

मराठी वाचकाला यातलं लखनौ प्रकरण सर्वांत जवळचं असायला हवं, पण आपल्या पाठ्यपुस्तकात ते दोन ओळींत संपतं. डिसेंबर १९१६ मध्ये लखनौला काँग्रेस आणि लीग यांनी करार केला, आणि काँग्रेसच्या बाजूनं त्याला वजन दिलं लोकमान्य टिळकांनी. मंडालेहून सुटून आलेले टिळक. हिंदू हिताची बाजू घेणाऱ्या अनेकांना हा करार नको होता. मदनमोहन मालवीय नाराज होते. टिळकांनी ती नाराजी अंगावर घेतली, कारण इंग्रजाशी भांडायचं तर घरातलं भांडण आधी मिटवावं असा त्यांचा हिशेब होता.

करारात काय होतं ते आकड्यांत बघा. मध्यवर्ती कौन्सिलातल्या निवडून येणाऱ्या हिंदी सदस्यांत मुसलमान एक-तृतीयांश. पंजाबात निम्मे, बंगालमध्ये ४० टक्के, संयुक्त प्रांतात ३०, बिहारमध्ये २५, मध्य प्रांतात आणि मद्रासमध्ये १५-१५. मुंबई इलाख्यात एक-तृतीयांश, जिथं सिंध धरूनही मुसलमान साधारण पाचवा हिस्साच होते. म्हणजे जिथं मुसलमान कमी तिथं त्यांना लोकसंख्येपेक्षा जास्त आणि जिथं बहुसंख्य, त्या बंगाल-पंजाबात कमी. बदल्यात मुसलमानांनी सर्वसाधारण मतदारसंघातलं आपलं दुसरं मत सोडलं. पूर्व बंगालमधल्या कुळवाड्यानं मुंबईच्या व्यापाऱ्यासाठी आपला हिस्सा सोडला, असं मी वर्गात सांगते. मुलं विचारतात, "टीचर, उस से किसी ने पूछा था?" नव्हतं विचारलं. विचारण्यासाठी त्याच्याकडे मत असावं लागतं.

टिळकांना आज कोणी यासाठी लांगूलचालन करणारे म्हणत नाही, ते बरंच आहे. तो करार प्रामाणिक होता. पण त्यात दोन्हीकडून वाटल्या गेल्या त्या जागा. मत ज्याच्या हातात नव्हतं त्याच्या हातात ते करारानंतरही आलं नाही.

१९१९ च्या कायद्यानं प्रांतिक मतदार पन्नास लाखांच्या थोडे वर गेले. लोकसंख्येच्या दोन-तीन टक्के. याच वेळी जागा राखून मागणारे फक्त मुसलमान होते, ही समजूतही दुरुस्त करायला हवी. मद्रासेत ब्राह्मणेतरांसाठी २८ जागा राखल्या गेल्या आणि आपल्या मुंबई इलाख्यात मराठा आणि तत्सम जातींसाठी सात. ब्राह्मणेतर चळवळीच्या पुढाऱ्यांचा युक्तिवाद सिमल्याच्या नवाबांपेक्षा फार वेगळा नव्हता: शिक्षण आणि मिळकत ज्यांच्याकडे आहे तेच निवडून येतील, आमचं काय?

या सगळ्या गलक्यात एक तरुण प्राध्यापक जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे उभा राहिला. भीमराव आंबेडकर. अस्पृश्यांना प्रतिनिधी हवेत हे तर त्यांनी सांगितलंच, पण मताची अट त्यांच्यासाठी खाली आणा, हेही सांगितलं. कारण ज्याला धंदा करू दिला जात नाही, जमीन घेऊ दिली जात नाही, त्याला मिळकतीची अट लावणं म्हणजे दार बंद करून आत या म्हणणं. पुढे सायमन कमिशनच्या वेळी त्यांनी सरळ प्रौढ मताधिकार मागितला, आणि १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात मुसलमानांचे विभक्त मतदारसंघ नकोत असंही स्पष्ट लिहिलं. गोलमेज परिषदेत त्यांनी दलितांसाठी विभक्त मतदारसंघ मागितले तेव्हाही ते पहिल्या दहा वर्षांसाठी, नंतर प्रौढ मताधिकारासह संयुक्त. पुणे कराराची कथा आपण येरवड्याच्या उपोषणापासून सांगतो आणि ही आधीची दहा-बारा वर्षं गाळतो.

मुसलमानांच्या बाबतीत दार उघडण्याची एक संधी १९२७-२८ मध्ये आली होती. मार्च १९२७ मध्ये जिनांच्या पुढाकारानं काही मुस्लीम नेत्यांनी दिल्लीत प्रस्ताव केला: आम्ही विभक्त मतदारसंघ सोडतो, पण सिंध मुंबईपासून वेगळा करा, सरहद्द प्रांतात सुधारणा आणा, पंजाब-बंगालमध्ये लोकसंख्येप्रमाणे जागा द्या आणि केंद्रात एक-तृतीयांश. काँग्रेसनं आधी स्वागत केलं. हिंदू महासभेनं विरोध केला, आणि लीगमधल्या दुसऱ्या गटालाही विभक्त मतदारसंघ सोडणं पसंत नव्हतं. १९२८ च्या नेहरू अहवालानं संयुक्त मतदारसंघ आणि एकविसाव्या वर्षी सर्वांना मत ही शिफारस केली, पण केंद्रातला एक-तृतीयांश हिस्सा मान्य केला नाही.

डिसेंबर १९२८, कलकत्ता, सर्वपक्षीय परिषद. जिना दुरुस्त्या घेऊन उभे राहिले. त्यातली एक मला फार महत्त्वाची वाटते: प्रौढ मताधिकार आला नाही, तर पंजाब आणि बंगालमध्ये लोकसंख्येप्रमाणे जागा राखा. म्हणजे सर्वांना मत मिळणार असेल तर राखीव जागांची गरज उरत नाही, हे त्या मागणीतच कबूल होतं. तेज बहादुर सप्रू म्हणत होते, देऊन टाका आणि विषय संपवा. विरोधात उभे राहिले मुकुंदराव जयकर. जिना आणि जयकर दोघेही मुंबई हायकोर्टाचे बॅरिस्टर. जयकरांचा मुद्दा असा की जिना ज्यांच्या वतीनं बोलतात ते मुसलमानांतले थोडेच आहेत. मुद्दा चुकीचा नव्हता. पण जयकर तरी कितींच्या वतीनं बोलत होते? त्या सभागृहात बसलेल्या कुणालाही सर्व प्रौढांनी निवडलेलं नव्हतं. दुरुस्त्या पडल्या. चौथा हिस्सा की तिसरा, एवढ्यावर ती संधी गेली असं म्हणणं थोडं सोपं होईल, पण फार खोटं नाही.

त्यानंतरचं वेगानं सांगते. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यानं विभक्त मतदारसंघ पक्के झाले. १९३७ मध्ये लीगला सुमारे ४८५ मुस्लीम जागांपैकी एकशेदहाही मिळाल्या नाहीत, मुस्लीम मतं पाच टक्क्यांहून कमी. एप्रिल १९४० मध्ये सिंधचे अल्लाबख्श सुमरो यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत आझाद मुस्लीम परिषद भरली आणि तिनं फाळणीला विरोध केला. नऊ वर्षांत पाच टक्क्यांची लीग बहुतेक सगळ्या जागांवर कशी पोचली, याची कारणं अनेक आहेत. एक कारण मतदारसंघाच्या रचनेतच होतं. मुस्लीम जागेवरच्या उमेदवाराला हिंदूचं मत लागायचं नाही आणि सर्वसाधारण जागेवरच्या उमेदवाराला मुसलमानाच्या मोहल्ल्यात यायची गरज नव्हती. अशा रचनेत जो मोठ्यानं 'आपले' म्हणतो तो जिंकतो.

मग १९४७. संविधान सभेतले सदस्यही त्याच आखूड यादीवर निवडून आलेल्या प्रांतिक आमदारांनी निवडले होते, हे विसरू नये. ऑगस्ट १९४७ मध्ये सभेनं विभक्त मतदारसंघ रद्द केले. मद्रासचे पोकर साहेब यांनी ते ठेवा म्हणून दुरुस्ती मांडली, ती पडली. मात्र संयुक्त मतदारसंघात मुसलमानांसाठी राखीव जागा तेव्हा मान्य झाल्या होत्या आणि फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात त्या छापलेल्याही आहेत. मे १९४९ मध्ये त्याही गेल्या.

त्या मे महिन्यातली चर्चा मुळातून वाचण्यासारखी आहे, कारण त्यात मुसलमान सदस्यांचं एकमत नाही. मद्रासचे मुहम्मद इस्माईल विभक्त मतदारसंघच मागत होते. आसामचे सादुल्ला राखीव जागा ठेवा म्हणत होते. संयुक्त प्रांतातले लारी तिसरीच वाट सुचवत होते: मोठे मतदारसंघ करा, मतदाराला अनेक मतं द्या आणि ती एकाच उमेदवाराला देण्याची मोकळीक ठेवा, म्हणजे धर्माचं नाव न घेता अल्पसंख्याकांना जागा मिळेल. बिहारचे तजम्मुल हुसेन आणि सभेतल्या एकमेव मुस्लीम महिला बेगम ऐजाज रसूल यांना आरक्षणच नको होतं. बेगमसाहिबांच्या मते ते समाजाला कायमचं वेगळं पाडणारं, स्वतःवरच उलटणारं हत्यार होतं. लारींचं म्हणणं कोणी नीट ऐकून घेतलं नाही याची मला हळहळ वाटते. १९८० मध्ये लोकसभेत ४९ मुस्लीम खासदार होते आणि २०२४ मध्ये २४ आले, त्यात महाराष्ट्रातून एकही नाही. हे पाहिलं की त्यांचा प्रश्न अजून टेबलावर आहे हे कळतं. तरीही निवड करायचीच तर मी बेगमसाहिबांच्या बाजूनं हात वर केला असता.

कारण महिनाभरातच, जून १९४९ मध्ये, त्याच सभेनं आज ज्यांना आपण ३२५ आणि ३२६ म्हणतो ती कलमं मंजूर केली. एकच यादी. धर्म, वंश, जात, लिंग यावरून कुणालाही तिच्याबाहेर ठेवता येणार नाही. एकवीस वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येकाला मत. जमीन नको, कर नको, शाळेचा दाखला नको. चाळीस वर्षं ज्याचा सौदा चालला होता ते मत माझ्या नानांच्या हातात पहिल्यांदा इथं आलं.

यादी तयार करण्याचं काम तर संविधान पुरं होण्याआधीच, १९४८ मध्ये सुरू झालं होतं. घरोघर जाऊन. फाळणीनं उखडलेली माणसं छावण्यांत होती, त्यांच्याकडे कागद कुठले असणार? त्यांनी इथंच कायम राहणार असं सांगितलं की नाव घ्या, असा आदेश निघाला. पाकिस्तानात जाऊन परतलेल्या मुसलमानांसाठी परवान्याची अट होती आणि ती संविधानाच्या सातव्या कलमातही आली; ती बाजू कठोर होती. पण एकंदर रीत अशी की सरकारनं मतदाराला शोधत जायचं. १९५१-५२ च्या पहिल्या यादीत १७ कोटी ३२ लाख नावं होती.

आमच्याकडे हे काम कोणत्या हवेत झालं, ते मराठवाड्याबाहेर फारसं ठाऊक नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादची पोलीस कारवाई झाली. त्याआधी रझाकारांनी गावं जाळली होती, आणि कारवाईनंतर मुसलमानांच्या वस्त्यांवर सूड उगवला गेला. केंद्रानं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. उस्मानाबाद आणि नांदेड सर्वाधिक पोळलेल्या जिल्ह्यांत होते. त्यानंतर तीन-साडेतीन वर्षांत याच संस्थानात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. दादी सांगायची, यादीवाला कारकून दारात आला तेव्हा दादांनी आधी नावंच सांगितली नाहीत. सरकारी माणूस घरातल्या बाप्यांची नावं लिहून नेतो याचा अर्थ त्यांना एकच माहीत होता. शेजारच्या पाटलांनी येऊन समजावलं तेव्हा लिहून दिली. दादीचं नाव मात्र 'अमक्याची बायको' एवढंच लिहिलं गेलं असतं, ती आतून ओरडून आपलं नाव म्हणाली म्हणून राहिलं. कोणत्या चिन्हाच्या पेटीत तिनं कागद टाकला, हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची.

ओरडणाऱ्या बायका कमी होत्या. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नोंदवलं आहे की जवळपास २८ लाख स्त्रियांनी आपलं नाव सांगायला नकार दिला, 'याची आई', 'त्याची बायको' एवढंच सांगितलं, आणि त्यांची नावं वगळावी लागली. बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या, आणि त्या काही फक्त मुसलमान नव्हत्या.

मी स्वतः काही वर्षं बीएलओचं काम केलं आहे. शिक्षकाच्या वाट्याला येतंच. आज बायका नाव सांगतात, पण लिहिणाऱ्याचा हात अडखळतो. एकच बाई रेशनकार्डावर 'शबाना बी', आधारवर 'शेख शबाना', मतदार यादीत 'शबाना बेगम'. उर्दूत आडनाव आधी-नंतर असा हट्ट नाही, मराठी फॉर्मला तो आहे. उर्दूतलं एकच नाव कुणी 'रफिक' लिहितो, कुणी 'रफीख', कुणी 'रफ्फीक'. १९५२ मध्ये ही अशुद्धलेखनाची गोष्ट होती. आज यंत्रात जुळवाजुळव होते तेव्हा तीच माणसाची ओळख ठरते.

२०२५ च्या जूनमध्ये बिहारमध्ये यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं तेव्हा मला हेच आठवलं. २००३ च्या यादीत नाव नसेल तर कागद दाखवा, अशी अट आली. ऑगस्टच्या प्रारूप यादीत ६५ लाख नावं कमी झाली. विरोधक म्हणाले, गरिबांचं आणि अल्पसंख्याकांचं मत चोरताहेत. सत्ताधारी म्हणाले, घुसखोर काढताहेत. सर्वोच्च न्यायालयानं वगळलेली नावं कारणांसह जाहीर करायला लावली. अंतिम यादी ७ कोटी ४२ लाखांची झाली. यादीत मयत आणि स्थलांतरित असतात, ती स्वच्छ करावी लागते, हे मी दारोदार फिरून पाहिलेलं आहे. त्याबद्दल वाद नाही. पण १९४८ मध्ये छावणीतल्या निर्वासिताला सरकारनं तोंडी शब्दावर मतदार मानलं होतं, आणि आज तीन पिढ्या एकाच गल्लीत राहिलेल्या बाईनं आपण आहोत हे सिद्ध करायचं. पक्षांच्या भांडणात ही अदलाबदल कुणी बोलून दाखवत नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांसाठी मी उर्दू आणि मराठी, दोन्हीत एक कागद करून ठेवला आहे. नाव नवं घालायचं तर फॉर्म ६, चूक सुधारायची किंवा पत्ता बदलायचा तर फॉर्म ८. फॉर्म ७ हा नाव काढण्याचा. तो दुसरा माणूसही तुमच्याविरुद्ध भरू शकतो, म्हणून प्रारूप यादी लागली की केंद्रावर जाऊन आपला यादी भाग आणि अनुक्रमांक स्वतः बघायचा. जिला वाचता येत नाही तिनं नववीतल्या नातीला बरोबर घ्यावं. नात मराठीत नाव वाचेल आणि आजी म्हणेल की तिचं नाव असं नाही, असं आहे.